पायथॉनमध्ये मॅट्रिक्स : गुणाकार कोणता आणि कशाचा?

‘मॅट्रिक्स’ हा शब्द कानावर पडला की आमच्या संस्थेतील ज्येष्ठ सभासदांना ‘मॅट्रिक’ची परीक्षा आठवते. घरातला पहिला मॅट्रिक झालेला माणूस म्हणजे केवढा मान, हे त्यांनी पाहिलेले आहे. प्रस्तुत लेखातील मॅट्रिक्सचा त्या परीक्षेशी संबंध नाही. आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीला गणितात मॅट्रिक्स म्हणतात. पुस्तकी परिभाषेत ‘आव्यूह’ असाही शब्द आढळतो, पण वर्गात तो फारसा कोणी उच्चारत नाही, म्हणून आम्हीही मॅट्रिक्सच म्हणू. १८५० साली सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने हे नाव दिले आणि पुढे त्याचा मित्र केली याने १८५८ मध्ये तिच्या बेरीज-गुणाकाराचे नियम व्यवस्थित मांडले.

आज बी.सी.ए., बी.एस्सी., इंजिनिअरिंग, डिप्लोमा अशा कोणत्याही वर्गात आपली मुले गेली तरी पायथॉन ही संगणकाची भाषा त्यांच्या वाट्याला येते. गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ती १९९१ मध्ये प्रथम लोकांसमोर ठेवली. (नाव अजगरावरून नव्हे, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे.) भाषा सोपी आहे, फुकट आहे आणि स्वतःचा संगणक नसला तरी मोबाईलवर ब्राउझर उघडून तिचा सराव करता येतो. गरीब घरातील विद्यार्थ्याला ही फार मोठी सोय आहे. परंतु मॅट्रिक्सच्या बाबतीत या सोप्या भाषेत एक खोच आहे. चूक केली तर संगणक दर वेळी तक्रार करतोच असे नाही. तो निमूटपणे उत्तर देतो, उत्तर दिसतेही व्यवस्थित, आणि ते आपल्या प्रश्नाचे उत्तर नसते. ही खोच विद्यार्थी मित्रांना नीट कळावी एवढ्यासाठी हा लेख.

येथे एक सूचना. पायथॉनच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात. आम्ही त्यांचे उच्चार देवनागरीत देत आहोत. ज्यांनी थोडेफार पायथॉन केले आहे त्यांना ते ओळखू येतील.

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. समजा, एखाद्या संस्थेने तीन वस्त्यांत शालेय साहित्य वाटायचे ठरवले. पहिल्या वस्तीत १२० वह्या, ६० पेन, १० कंपासपेट्या. दुसरीत ८०, ४०, १५. तिसरीत १५०, ५०, २०. पायथॉनमध्ये हे असे मांडता येते :

[[१२०, ६०, १०], [८०, ४०, १५], [१५०, ५०, २०]]

चौकोनी कंसात तीन ओळी, प्रत्येक ओळ पुन्हा चौकोनी कंसात. दिसायला हा मॅट्रिक्सच आहे. पण पायथॉनच्या दृष्टीने ही केवळ ‘लिस्ट’ आहे, म्हणजे यादी, आणि यादीच्या आत याद्या. मोजणी शून्यापासून होते, म्हणून दुसऱ्या वस्तीच्या कंपासपेट्या हव्या असतील तर ओळ १, स्तंभ २ असे विचारावे लागते. आता हीच यादी दोनदा घेऊन मध्ये अधिक चिन्ह टाकले तर काय होईल? संख्यांची बेरीज होणार नाही. एका यादीच्या शेपटाला दुसरी यादी जोडली जाईल आणि सहा ओळी समोर येतील. २ ने गुणले तरी तेच, त्याच ओळी पुन्हा एकदा. यादीच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. वाण्याच्या दोन याद्या ‘मिळवा’ म्हटल्यावर कोणी साखरेच्या किलोंची बेरीज करत नाही, चिठ्ठीला चिठ्ठी लावतो.

याहून फसवा प्रकार रिकामा मॅट्रिक्स तयार करताना होतो. तीन शून्यांची एक ओळ करायची, [०] * ३, आणि त्या ओळीला पुन्हा कंसात घालून तीनने गुणायचे, म्हणजे [[०] * ३] * ३. छापून पाहिले तर तीन ओळी, तीन स्तंभ, सगळी शून्ये. छान. मग पहिल्या ओळीतील पहिल्या जागी ५ लिहिले की तिन्ही ओळींत पहिल्या जागी ५ उमटतो! कारण तेथे तीन ओळी नाहीतच. ओळ एकच आहे आणि तिला तीन ठिकाणांहून बोट दाखवलेले आहे. एकाच माणसाची तीन रेशनकार्डे असावीत तसे. कार्डे तीन दिसतात, जेवणारा एकच. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तयार केली तरच तीन खऱ्या ओळी मिळतात.

मॅट्रिक्सचे काम यादीकडून करून घेण्याचा हट्ट धरू नये, हे यावरून लक्षात येईल. त्यासाठी ‘नम्पाय’ नावाचा आज्ञांचा संच आहे. १९९५ च्या सुमारास ‘न्यूमेरिक’ नावाचा त्याचा पूर्वज तयार झाला आणि ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी जुने धागे एकत्र करून २००६ मध्ये नम्पायची पहिली पूर्ण आवृत्ती काढली. हाही फुकट आहे. नम्पायला आपली यादी ‘ॲरे’ या आज्ञेने दिली की ती खऱ्या अर्थाने संख्यांची चौकट होते. अधिक म्हटले की जागच्या जागी बेरीज होते, २ ने गुणले की प्रत्येक संख्या दुप्पट होते. ‘शेप’ विचारले की (३, ३) असे उत्तर येते, म्हणजे तीन ओळी, तीन स्तंभ. आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की काहीही करण्याआधी आणि केल्यानंतर ‘शेप’ विचारावा. वेळ लागत नाही आणि निम्म्या चुका तेथेच सापडतात. जुन्या पुस्तकांत नम्पायचा ‘मॅट्रिक्स’ नावाचा वेगळा प्रकारही दिलेला असतो. नम्पायचे कर्तेच तो आता वापरू नका म्हणतात, तेव्हा ॲरेच वापरावा.

आता गुणाकाराकडे येऊ. वही ३० रुपये, पेन ५ रुपये, कंपासपेटी ६० रुपये धरा. भावांची ओळ [३०, ५, ६०]. नम्पायमध्ये गुणाकाराची दोन चिन्हे आहेत. एक चांदणी, *. दुसरे ईमेलच्या पत्त्यात असते ते ॲट चिन्ह, @. दुसरे चिन्ह गुणाकारासाठी २०१५ पासून, पायथॉनच्या ३.५ या आवृत्तीत मिळाले. त्याआधी ‘डॉट’ ही आज्ञा लिहावी लागे, ती आजही चालते.

साहित्याच्या चौकटीला भावांच्या ओळीने @ चिन्ह घालून गुणले तर तीनच संख्या मिळतात : ४५००, ३५००, ५९५०. पहिल्या वस्तीचा खर्च १२० गुणिले ३० अधिक ६० गुणिले ५ अधिक १० गुणिले ६०, म्हणजे ३६०० + ३०० + ६०० = ४५००. ओळीतील प्रत्येक संख्या तिच्या भावाशी गुणायची आणि मग सर्वांची बेरीज करायची, हाच मॅट्रिक्सचा गुणाकार. किराणा दुकानदार बिलाच्या तळाशी रोज तो करतो, फक्त त्याला हे नाव ठाऊक नसते. चांदणी घातली तर बेरीज होत नाही. ३६००, ३००, ६०० अशी संपूर्ण चौकट मिळते, म्हणजे कोणत्या वस्तीत कोणत्या वस्तूवर किती खर्च झाला. दोन्ही उत्तरे खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. एकूण खर्च दोन्हीकडून १३,९५० रुपयेच येतो.

येथपर्यंत ठीक. पण पुढचे उदाहरण आमच्या मते सर्वात महत्त्वाचे आहे, वाचकांनी ते कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे.

समजा, दुसऱ्या वस्तीत पुराचे पाणी शिरले. पंचगंगेकाठच्या माणसाला २००५, २०१९, २०२१ ही वर्षे सांगावी लागत नाहीत. संस्थेने ठरवले की दुसऱ्या वस्तीला साहित्य दुप्पट द्यायचे, बाकीच्यांना होते तेवढेच. हिशेब ठेवणाऱ्या मुलाने [१, २, १] अशी ओळ तयार केली आणि साहित्याच्या चौकटीला चांदणीने गुणली. संगणकाने काही कुरकुर केली नाही. नवीन चौकट आली. तिला भावांच्या ओळीने @ चिन्ह घालून गुणले, एकूण १४,७०० रुपये. खर्च वाढलेला दिसतो आहे, म्हणजे दुप्पट झाले असणार!

झाले भलतेच. आडवी ओळ दिली की नम्पाय तिच्यातील आकडे स्तंभांना लावतो. पहिला आकडा पहिल्या स्तंभाला, दुसरा दुसऱ्याला. दुसरा स्तंभ पेनांचा आहे. म्हणजे तिन्ही वस्त्यांतील पेन दुप्पट झाले आणि पूरग्रस्त वस्तीला वही एकही जास्त मिळाली नाही. तिच्या वाट्याला ७००० रुपयांच्या साहित्याऐवजी ३७०० रुपयांचे आले. हवे होते ते उत्तर १७,४५० रुपये. ते मिळवायला गुणकांची ओळ उभी करावी लागते, [[१], [२], [१]], म्हणजे तीन ओळी आणि एक स्तंभ. मग आकडे ओळींना, अर्थात वस्त्यांना लागतात.

आणि यातली गंमत पाहा. वस्त्या चार असत्या आणि वस्तू तीनच, तर आडवी ओळ चार आकड्यांची झाली असती, स्तंभ तीन भरले असते आणि संगणकाने ‘आकार जुळत नाही’ म्हणून काम थांबवले असते. वस्त्याही तीन आणि वस्तूही तीन, म्हणून चूक झाकली गेली. चौरस मॅट्रिक्स या अर्थाने अधिक धोक्याचा आहे. म्हणून सराव करताना ओळी आणि स्तंभ यांची संख्या मुद्दाम वेगळी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. बेरीज घेतानाही हाच घोळ होतो. ‘सम’ या आज्ञेला ‘ॲक्सिस’ ० सांगितला तर बेरीज वरून खाली, स्तंभाची होते. १ सांगितला तर आडवी, ओळीची होते. पुष्कळांना ते उलटे वाटते. पाठ करण्यापेक्षा दोन ओळी, तीन स्तंभांची चौकट करून पाहावे. तीन उत्तरे आली तर स्तंभांची बेरीज झाली, दोन आली तर ओळींची.

दहावीच्या बीजगणितातील निश्चयक आणि क्रेमरची पद्धत विद्यार्थ्यांना आठवत असेल. दोन वह्या व तीन पेन यांचे ७५ रुपये, एक वही व चार पेन यांचे ५० रुपये, तर भाव काय? निश्चयक २ गुणिले ४ वजा ३ गुणिले १, म्हणजे ५. वही ३०, पेन ५. नम्पायमध्ये ‘लिनअल्ग’ या विभागातील ‘सॉल्व्ह’ ही आज्ञा तेच काम करते आणि दोन चलांऐवजी दोनशे असली तरी थकत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की संगणक अपूर्णांक ठराविक अंकांपर्यंतच साठवतो. त्यामुळे निश्चयक नेमका ५ न येता शेपटाला कोठेतरी दूरवर एखादा भलता अंक चिकटलेला दिसू शकतो. शून्य यायला हवे तेथे अतिसूक्ष्म संख्या येऊ शकते. म्हणून ‘बरोबर आहे का’ असे न विचारता ‘ऑलक्लोज’ या आज्ञेने ‘पुरेसे जवळ आहे का’ असे विचारतात.

चांदणी आणि ॲट यांतील फरक रेल्वेच्या नकाशावर फार छान दिसतो. कोल्हापूर संस्थानची कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. मिरजेहून एक फाटा सांगलीकडे, एक बेळगावकडे, एक पंढरपूरकडे जातो. कोल्हापूर, मिरज, सांगली, बेळगाव, पंढरपूर अशी पाच स्थानके याच क्रमाने घ्या. मधली लहान स्थानके सोडून द्या. दोन स्थानकांत सरळ रूळ असेल तर १, नसेल तर ०. कोल्हापूरची ओळ ०, १, ०, ०, ०. मिरजेची १, ०, १, १, १. उरलेल्या तिघांच्या ओळी कोल्हापूरसारख्याच, कारण त्यांनाही मिरजेशिवाय दुसरे कोणी नाही. या पाच बाय पाच मॅट्रिक्सला त्याच्याच मॅट्रिक्सने @ चिन्ह घालून गुणले तर काय मिळते? दोन टप्प्यांत कोठून कोठे किती वाटांनी जाता येते त्याची मोजणी. कोल्हापूर ते सांगली १, अर्थात मिरजमार्गे. कोल्हापूर ते मिरज ०, कारण नेमक्या दोन टप्प्यांत तेथे पोचता येत नाही. मिरज ते मिरज ४, चारांपैकी कोणत्याही गावी जाऊन परत. आणि @ ऐवजी चांदणी घातली तर? शून्य गुणिले शून्य शून्य, एक गुणिले एक एक. मूळ मॅट्रिक्स जशाच्या तसा परत येतो. संगणकाने काम केले, चूक दाखवली नाही आणि कोल्हापूरहून सांगलीला जायची वाट मात्र नाहीशी झाली.

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा यांच्या अशा मॅट्रिक्समुळे आपल्या मराठी गणितज्ञाचे एक नाव जगभरच्या पुस्तकांत गेले आहे, ते येथे सांगितलेच पाहिजे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा. शिक्षण नागपूरला, डॉक्टरेट १९५० मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे मोठे काम १९५९ चे. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये चौकटींविषयी एक अंदाज मांडला होता. दहा ओळी व दहा स्तंभांची चौकट घ्या, तिच्या प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात ० ते ९ हे अंक एकेकदाच यावेत. अशीच दुसरी चौकट करा. आता दोन्ही एकमेकींवर ठेवल्या असता अंकांची प्रत्येक जोडी एकदाच यावी. ऑयलर म्हणे, हे १० च्या चौकटीला जमणार नाही. ६, १०, १४, १८ अशा कोणत्याच चौकटीला जमणार नाही. ६ बद्दल त्याचे खरे ठरले. बाकीच्यांबद्दल बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी १७७ वर्षांनंतर त्याला खोटे ठरवले. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. १० च्या चौकटीचा शोध संगणकाकडून घेण्याचा प्रयत्नही त्या काळात झाला होता, पण शक्यता इतक्या प्रचंड की नुसते यंत्र फिरवून काही हाती लागले नाही. आज तशा दोन चौकटी कोणी दिल्या तर त्या खऱ्या की खोट्या हे नम्पाय क्षणात सांगतो. दोन्ही चौकटींत ओळी आणि स्तंभ नीट आहेत हे पाहा, मग पहिलीला १० ने गुणून दुसरी मिळवा आणि ‘युनिक’ या आज्ञेने वेगवेगळ्या संख्या किती ते मोजा. शंभर भरल्या की झाले. तपासणे क्षणाचे, सुचणे पावणेदोनशे वर्षांचे.

त्याच वर्षी श्रीखंडे यांनी सोळा बिंदूंची एक जोडणी दाखवून दिली. ती ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि पायथॉनमध्ये ती करून पाहण्यासारखी आहे. बुद्धिबळाचा लहान पट घ्या, चार बाय चार, सोळा घरे. प्रथम हत्तीची चाल धरा. एका घरातून हत्ती आपल्या ओळीतील तीन व स्तंभातील तीन अशा सहा घरांत जातो. सोळा बाय सोळाचा मॅट्रिक्स करा, हत्ती जाऊ शकतो तेथे १, बाकी ०. त्याचा @ चिन्हाने वर्ग करा. मुख्य कर्णावर सर्वत्र ६ आणि उरलेल्या प्रत्येक जागी २ येतात. इतका नीटनेटका मॅट्रिक्स पाहून मन प्रसन्न होते.

आता दुसरी चाल. एक घर डावीकडे किंवा उजवीकडे, एक घर वर किंवा खाली, आणि तिरके मात्र एकाच दिशेच्या कर्णावर, पुढे किंवा मागे एक घर. हीही सहाच घरे. पटाबाहेर गेलेली सोंगटी समोरच्या कडेने आत येते असे माना. त्यासाठी ४ ने भागून उरणारी बाकी घ्यावी लागते. पायथॉनमध्ये उणे १ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ येते, जी येथे हवीच आहे. ‘सी’ भाषेत उणे १ येते, म्हणून तेथून आलेल्यांनी गोंधळू नये. या चालीचा मॅट्रिक्स करून वर्ग केला तर? पुन्हा कर्णावर ६ आणि बाकी सर्वत्र २. तोच मॅट्रिक्स!

मग दोन्ही जोडण्या एकच का? नाहीत. आणि श्रीखंडे यांनी सिद्ध केलेली गोष्ट हीच की पट कितीही मोठा घेतला तरी हत्तीच्या जोडणीची अशी हुबेहूब आकडेमोड असणारी दुसरी जोडणी मिळत नाही. अपवाद फक्त चार घरांच्या पटाचा, आणि तेथेही ती एकच आहे. दोन्ही मॅट्रिक्सच्या आयगेन किमती संगणकाला विचारा, त्याही सारख्याच येतील : ६ एकदा, २ सहा वेळा, उणे २ नऊ वेळा. या प्रश्नांनी भेद सापडत नाही. भेद सापडतो तो एका घराच्या सहा शेजाऱ्यांत. त्या सहांच्या ओळी आणि स्तंभ तेवढे उचलून सहा बाय सहाचा लहान मॅट्रिक्स करा, त्याचा @ चिन्हाने घन करा आणि ‘ट्रेस’ या आज्ञेने कर्णाची बेरीज घ्या. हत्तीच्या जोडणीत १२ येतील, कारण सहा शेजारी तीन-तीनच्या दोन त्रिकोणांत वाटलेले असतात आणि प्रत्येक त्रिकोण या बेरजेत सहा वेळा मोजला जातो. श्रीखंडे यांच्या जोडणीत ० येईल, कारण तेथे सहाही शेजारी हात धरून एक षट्‌कोन करतात आणि त्रिकोण त्यांच्यात एकही नसतो.

ज्या विद्यार्थ्यांना हे स्वतः करून पाहायचे असेल त्यांनी आधी रेल्वेचा पाच बाय पाचचा मॅट्रिक्स हाताने वहीत वर्ग करून पाहावा, मग नम्पायने. त्यानंतर पट घ्यावा. हत्तीचे घर ओळखायला घराच्या क्रमांकाला, ० ते १५, चारने भागावे : भागाकार म्हणजे ओळ, बाकी म्हणजे स्तंभ. दहा-बारा ओळींची आज्ञावली पुरते.